फोनवर दिलेली जबान

जळकोटच्या सिद्धलिंगनं दिलेली जबान कधी मागं घेतली नव्हती. हे तो स्वतः सांगत नसे. बाजारातले लोक सांगत. बैलांच्या दलालीत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाबद्दल बाजारानं असं बोलावं, ही साधी गोष्ट नव्हे.

त्या धंद्यात भाव तोंडानं होत नाही. हातावर टॉवेल टाकायचा, टॉवेलखाली समोरच्याचा हात घ्यायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा दोघांनाच ठाऊक. सिद्धलिंगला त्या हातातून आकड्यापलीकडचंही कळे. तळवा घामानं ओला लागला, तर याच्याकडं पैसे पुरे नाहीत. बोट दाबून लगेच सोडलं, तर याला बैल घ्यायचाच नाही, नुसता भाव काढायला आलाय. माणसाचं तोंड बघायची त्याला फारशी गरज पडत नसे.

सौदा जमला की तो म्हणे, "दिलं." मग दुसरा कुणी वर दोन हजार द्यायला आला तरी उपयोग नसे. एकदा त्यानं स्वतःचा खोंड लोहाऱ्याच्या एका माणसाला दिला. त्याच रात्री त्या माणसाच्या घरी मयत झाली. तो आला नवव्या दिवशी. नऊ दिवस सिद्धलिंगनं खोंडाला आपली वैरण घातली आणि दारात आलेली तीन गिऱ्हाइकं परत पाठवली. वैरणीचे पैसे मागितले नाहीत. त्या माणसानं देऊ केले, तेव्हा म्हणाला, "खोंड तुमचाच होता की. खाल्लं तर काय झालं."

आणखी एक रिवाज तो पाळायचा. पैसे हातात पडले की त्यातला एक रुपया घेणाऱ्याच्या हातावर परत ठेवायचा. घेणाऱ्याची बरकत खुंटू नये म्हणून. ही रीत त्याच्या वडलांची. बाजारात आता फार थोडे लोक ती पाळत.

पुढं बैल कमी झाले. गावात ट्रॅक्टर आले, मग छोटे ट्रॅक्टर आले. बाजारात बैलांपेक्षा शेळ्या जास्त दिसायला लागल्या. सिद्धलिंगचे गुडघे दुखायला लागले. साठी उलटल्यावर त्यानं बाजार सोडला आणि घर गंगम्मावर चालायला लागलं.

गंगम्मा त्याची बायको. ती कडक भाकरी करते. ज्वारीची, पापडासारखी पातळ, महिनाभर टिकणारी. सोबत शेंगांची चटणी. घर हायवेला लागून. हैदराबादकडं जाणारे लोक गाड्या थांबवून भाकरीचे पुडे नेत. सुट्ट्या पैशांची कटकट नको म्हणून तिनं चुलीशेजारच्या भिंतीला क्यूआर कोडची पाटी टांगली होती. गिऱ्हाईक पाटीसमोर फोन धरी, पैसे आले की गंगम्माचा फोन बोले, आणि पिठाचा हात न धुता ती पुडा पुढं सरकवी. दोन वर्षांत तिनं खात्यात अडतीस हजार साठवले होते. त्यातून तिला मागची शेड नीट करून घ्यायची होती. तिथं तीन चुली मांडायच्या, दोन बायका कामाला घ्यायच्या.

अडचण एवढीच की शेडमध्ये दमणी उभी होती.

दमणी म्हणजे दोन बैलांची हलकी गाडी, माणसं नेण्यासाठी केलेली. सिद्धलिंगनं ती पंचवीस वर्षांपूर्वी स्वतः समोर बसून करून घेतली होती. बसायचा साटा सागवानी, चाकं बाभळीची. आता जुंपायला बैल नव्हते. गंगम्मा तिच्याबद्दल काही बोलत नव्हती. एक दिवस तोच म्हणाला, "काढू या ती."

"कुणी मागितली व्हय?"

"कोण मागणार हितं. तुझ्या फोनवर टाक. पुण्याकडं असल्या गाड्या हॉटेलापुढं ठेवत्यात म्हणं."

गंगम्मानं दमणीचे चार फोटो काढले. जुन्या वस्तू विकायच्या एका साइटवर टाकले. किंमत लिहिली पंचेचाळीस हजार. घरात स्मार्टफोन एकच, तिचा. तेव्हापासून तो सिद्धलिंगच्या बंडीच्या खिशात राहायला लागला आणि भाकरीचे पैसे आले की त्याच्या छातीतून आवाज येऊ लागला.

चौथ्या दिवशी सकाळी फोन आला.

"काका, मी उत्कर्ष बोलतोय. आमचं मुळशीला रिसॉर्ट आहे. तुमची बैलगाडी फार आवडली."

"दमणी," सिद्धलिंग म्हणाला.

"हो, दमणी. किती म्हणताय?"

"पंचेचाळीस टाकलंय. बोला तुमी."

"मी काय बोलणार काका, तुमची वस्तू. पंचेचाळीस पक्के."

सिद्धलिंगनं फोन दुसऱ्या कानाला लावला. छत्तीस वर्षांत पहिल्याच आकड्याला कुणी हो म्हटलं नव्हतं. बाजारात असं कुणी केलं असतं, तर त्यानं हात सोडून टॉवेल खांद्यावर टाकला असता. पण हा बाजार नव्हता. शहरातले लोक घासाघीस करत नाहीत, असं त्यानं ऐकलं होतं. आणि पोरगं काका म्हणत होतं.

"गाडी दुसऱ्या कुणाला देऊ नका. जबान द्या मला," उत्कर्ष म्हणाला.

हा शब्द त्या तोंडी ऐकून सिद्धलिंगला बरं वाटलं. तो म्हणाला, "दिली."

दुपारी पुन्हा फोन आला. पैसे कंपनीच्या खात्यातून येणार होते. खातं बरोबर आहे का ते बघायला आधी एक रुपया पाठवा, असं उत्कर्ष म्हणाला. दुसरा कुणी असता तर त्याला विचित्र वाटलं असतं. पैसे घ्यायचे आहेत आणि आपणच रुपया कसा पाठवायचा? सिद्धलिंगला वाटलं नाही. विकणाऱ्यानं घेणाऱ्याला रुपया द्यायचा, हे त्याच्या हाडात होतं. फक्त तो सौद्याच्या शेवटी द्यायचा असतो, आणि हा आधी मागत होता. शहरात उलटं असेल.

त्यानं गंगम्माला हाक मारून एक रुपया पाठवायला लावला. लगेच दोन रुपये परत आले.

"पोरगं चांगल्या घरचं दिसतंय," तो म्हणाला.

गंगम्मा भाकरी थापत होती.

मग फोनवर क्यूआर कोडचा फोटो आला. उत्कर्ष लाइनवरच होता. "काका, हा स्कॅन करा. वीस हजार आत्ता येतील, बाकीचे उद्या. स्कॅन केला की पिन टाका, झालं."

सिद्धलिंगनं सांगितल्याप्रमाणे बोटं चालवली. पडद्यावर वीस हजारांचा आकडा आला. आकड्याच्या वर काहीतरी लिहिलं होतं. अक्षर बारीक, चष्मा आत. आकडा दिसला, तेवढा पुरे होता. खाली पिन टाकायची जागा आली.

तो चुलीपाशी गेला. "गंगू, पिन टाक गं."

"कशाला?"

"वीस हजार यायलेत."

गंगम्माचा हात परातीत थांबला. "यायलेत का जायलेत?"

"यायलेत म्हणतो की."

"मग पिन कशाला?"

"तसंच असतंय. रक्कम मोठी हाय."

"काल त्या गाडीवाल्यानं तीन हजाराच्या भाकरी नेल्या लगीनघरी. मला कुणी पिन इचारला न्हाय. दोन वर्षं झाली, दिवसाला दहा-बारा गिऱ्हाइकं येत्यात. येताना ह्यो फोन मला काय बी इचारत न्हाय. जाताना तेवढं इचारतो. तेल आणलं, पीठ दळलं, तवा पिन."

फोनमधून आवाज येत होता. "काका, लवकर करा, कोड बंद पडेल. मी मीटिंगमधून बाहेर आलोय तुमच्यासाठी."

सिद्धलिंग बायकोकडं बघत राहिला. ती म्हणाली, "बेड." कन्नडमध्ये नको म्हणायला एवढाच शब्द. तिला वाद संपवायचा असला की ती तिच्या माहेरच्या भाषेत जाई. तिनं कोपरानं फोन आपल्याकडं ओढला. "दादा, आमची पाटी भिंतीवर हाय. फोटो पाठवते. त्याच्यावर पैसे टाका. न्हायतर हितं येऊन टाका, आमच्या म्होरं."

पलीकडून तोच गोड आवाज. "ठीक आहे काकू. तुमचा विश्वास नाही तर नाही. उद्या माझा टेम्पोच येईल. पण काका, गाडी कुणाला देऊ नका. तुम्ही शब्द दिलाय."

"दिलाय," सिद्धलिंग म्हणाला. "उद्या दिवस मावळेपर्यंत वाट बघतो."

फोन बंद झाल्यावर गंगम्मानं चष्मा मागवला. पडद्यावर अजून तेच होतं. तिनं एकेक अक्षर जुळवून मोठ्यानं वाचलं. वीस हजार रुपये द्या, असं लिहिलं होतं. तिनं ते बंद केलं आणि फोन पदराच्या टोकात बांधून ठेवला.

"तुमाला हात बघून माणूस कळत होता," ती म्हणाली. "ह्याला हात कुठाय."

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला दारात खराखुरा टेम्पो उभा राहिला. सिद्धलिंग लगबगीनं बाहेर आला. उतरला तो माणूस उत्कर्षचा नव्हता. धाराशिवचा अमरनाथ होता. पस्तिशीचा, अंगानं भरलेला, हायवेला जेवणाचा ढाबा काढत होता. त्यानं जाहिरात पाहिली होती आणि फोन न करता थेट आला होता.

त्यानं दमणीभोवती दोन फेऱ्या मारल्या. चाक हलवून बघितलं. वाकून आस बघितला. सिद्धलिंगला त्याचं बघणं आवडलं.

"आण्णा, चाळीस देतो. आत्ता. पैसे तुमच्या खात्यात पडले की मगच गाडी हलवतो."

"जरा आधी आला असता तर बरं झालं असतं. दिली ती."

"कुणाला?"

"पुण्याच्या माणसाला. आज येणार हाय."

"इसाराचे पैसे दिले का?"

"न्हाय."

"मग?"

"जबान दिली."

अमरनाथ हसला. मग थांबला, कारण समोरचा माणूस हसत नव्हता. "बेचाळीस देतो," तो म्हणाला.

"आकड्याचा सवाल न्हाय, साहेब."

गंगम्मा दारात उभी होती. तिनं नवऱ्याला आत बोलावलं आणि आवाज खाली ठेवून बोलली. "त्यो येणार न्हाय. तुमाला बी ठावं हाय."

"येणार न्हाय हे ठावं झालं तर आज मावळतीला होईल. आत्ता न्हाय."

"चोराला दिलेली जबान व्हय ती?"

"त्यो चोर असंल. जबान माझी हाय."

गंगम्मानं पुढं वाद घातला नाही. तिनं बाहेर जाऊन अमरनाथला भाकरीचा एक पुडा दिला, पैसे घेतले नाहीत, आणि संध्याकाळपर्यंत थांबता येतं का ते विचारलं. त्याला थांबता येत नव्हतं. टेम्पो दिवसाच्या भाड्यानं आणलेला. तसाच पुढं अक्कलकोटला दुसरी गाडी बघायला जायचं होतं. तो आपला नंबर देऊन गेला.

सिद्धलिंग दिवसभर ओट्यावर बसून होता. हायवेवर टेम्पो दिसला की मान उचली. दुपारी जेवला नाही. त्याला त्या पोराची काळजी नव्हती. छत्तीस वर्षं आपण माणसं ओळखली, का माणसांनी आपल्याला ओळखू दिली, हा विचार त्याला सुटत नव्हता. बाजारात समोरच्यालाही गाव होतं, घर होतं, पुढच्या आठवड्यात परत त्याच बाजारात यायचं होतं. जबान दोघं मिळून सांभाळत. त्याला वाटायचं, आपण एकटेच सांभाळतो.

साडेपाचला बंडीच्या खिशात फोन वाजला. सकाळी त्यानं तो गंगम्माकडून मागून घेतला होता.

"काका, टेम्पो निघालाय. पैसेही पाठवलेत. पण एक घोळ झाला. आमच्या अकाउंटंटनं पंचेचाळीसच्या जागी पासष्ट पाठवले. मेसेज बघा. वरचे वीस परत पाठवा, नाहीतर त्याची नोकरी जाईल."

मेसेज खरंच आला होता. पासष्ट हजार जमा, असं त्यात लिहिलेलं होतं. सिद्धलिंग उठून उभा राहिला. जास्तीचा पैसा घरात राहणं त्याला कधी सोसलं नव्हतं. आणि कुणाची नोकरी जाणार होती. हे त्या माणसाला कसं कळलं असेल? सिद्धलिंगला कुठं मारलं तर तो हलेल, हे त्या आवाजानं दोन दिवसांत हेरलं होतं. हात न धरता.

"गंगू," त्यानं हाक मारली. "लोकाचे वीस हजार आपल्यात आलेत बघ."

गंगम्मा हात पुसत आली. मेसेजकडं तिनं बघितलंही नाही. "मेसेज कुणी बी लिहील. मी बी लिहीन." तिनं बँकेचं ॲप उघडलं, पिन टाकून शिल्लक बघितली आणि फोन त्याच्यापुढं धरला. अडतीस हजार चारशे दहा. सकाळच्या भाकरीचे दोनशे धरून. त्यात पासष्टातला एक रुपयाही नव्हता.

सिद्धलिंगनं चष्मा लावून आकडा दोनदा वाचला. मग फोन कानाला लावला.

"पोरा," तो म्हणाला, "दिवस मावळायला एक तास हाय. तोवर दमणी तुझी. ये न्हायतर येऊ नको."

पलीकडच्यानं एक शिवी दिली आणि फोन ठेवला.

गंगम्मानं तो नंबर अडवला. दुसऱ्या दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरावर फोन लावून तक्रार नोंदवली. पैसे गेले नव्हते, तरी नोंदवली. पुढं कुणाचे तरी जातील, असं म्हणाली. सिद्धलिंग मात्र त्या संध्याकाळी दिवस मावळेपर्यंत ओट्यावरून हलला नव्हता. अंधार पडल्यावर उठून त्यानं अमरनाथला फोन लावला. त्यानं अक्कलकोटची गाडी घेतली होती.

जाहिरात पुन्हा टाकली. फोन येत राहिले. काही खरे, काही खोटे. सिद्धलिंगनं आता एकच बोलणं ठरवलं होतं. "भाव सांगतो. जबान फोनवर देत न्हाय. या, गाडी बघा. पैसे आमच्या खात्यात दिसले की गाडी तुमची." बरेच जण फोन ठेवून देत. गंगम्माला ते पटत होतं. त्याला ते म्हणताना प्रत्येक वेळी ओशाळल्यासारखं होई. जिभेला सवय नव्हती.

पंधरा-वीस दिवसांनी अनोळखी नंबरावरून फोन आला.

"सिद्धाप्पा, म्या बजरंग. सास्तूरचा."

बजरंग हा त्याचा तीस वर्षांचा बाजारातला सोबती. सास्तूरला राहणारा, अजून बैलजोडी ठेवणारा. पण आवाज बारीक येत होता, आणि नंबर त्याचा नव्हता.

"नंबर कुणाचा ह्यो?"

"सुनेचा. माझा फोन फुटला. मी बी फुटलो. विहिरीवर घसरलो, पाय पलस्तरात हाय. ऐक, तुझी दमणी तिनं फोनात दाखवली. मला पाहिजे. महिनाभर कुणाला देऊ नको. जबान दे."

सिद्धलिंगच्या तोंडाशी शब्द आला होता. तो थांबला. बजरंगचा आवाज वाटत होता. वाटत होता, एवढंच.

"फोनवर न्हाय देत मी आता," तो म्हणाला.

"मला न्हाय?" बजरंगनं विचारलं.

"कुणालाच न्हाय."

"म्हातारा झालास," बजरंग म्हणाला आणि फोन बंद झाला.

सिद्धलिंग तसाच बसला. गंगम्मानं चहा आणून ठेवला. तिनं ऐकलं होतं. "माणूस खरा वाटत होता," ती म्हणाली. "पैसे मागत नव्हता, रुपया बी न्हाय."

"खराच असंल. म्हणून तर."

त्यानं चहा प्यायला नाही. आत जाऊन धुतलेलं धोतर नेसला, टोपी घातली. गुडघ्याला पट्टा बांधला.

"कुठं?"

"सास्तूरला."

"फोनवर सांगा की. ह्या माणसाला सांगितलं तर काय बिघडतंय?"

"फोनवर सांगितलं तर ज्याला सांगितलं त्यो बजरंग हाय का न्हाय, हे मला ठावं नसंल. आणि उद्या दुसऱ्याला न्हाय म्हणताना मी लबाड होईन."

दोन एसटी बदलून तो सास्तूरला पोचला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. भूकंपानंतर नवं वसवलेलं गाव. गल्ल्या सरळ, घरं एका मापाची. पूर्वी आला की त्याला बजरंगचे बैल दारात दिसत. आज बैल रानात होते. दोनदा चुकीच्या दारात उभा राहिला. शेवटी एका घरातून खाटेवरचा पांढरा पाय दिसला.

बजरंग त्याला बघून कोपरावर उठला. मग सुनेला म्हणाला, "पाणी दे. जळकोटहून पायावर आलाय का काय हे इचार."

"एसटीनं," सिद्धलिंग म्हणाला. तो खाटेजवळ बसला. दम घेतला. मग बजरंगचा हात हातात घेऊन म्हणाला, "दिली."

"एवढ्यासाठी आला व्हय?"

"एवढ्यासाठीच."

बजरंगनं तोंड भिंतीकडं फिरवलं. म्हणाला, "फोनवर लई लागलं मला."

"मला बी." मग त्यानं त्या पोराची सगळी गोष्ट सांगितली. एक रुपयापासून शिवीपर्यंत. बाजारातल्या कुणाला त्यानं ती आजवर सांगितली नव्हती. बजरंग हसला नाही. त्याच्या सुनेनं भांडी घासता घासता ऐकलं आणि म्हणाली, "मामंजी, तुमी बी परवा एकाला पिन सांगत होता की. मी फोन ओढून घेतला म्हणून वाचलं." बजरंगनं मान हलवली. हे त्यानंही कुणाला सांगितलं नव्हतं.

चहा झाला. शेवटची गाडी चुकू नये म्हणून सिद्धलिंग उठला. दारात असताना सुनेच्या फोनवर गंगम्माचा फोन आला. पोचलात का, असं विचारायला.

"दिली का जबान?"

"दिली."

"भाव किती ठरला?"

सिद्धलिंग उंबऱ्यावर थांबला. खाटेकडं वळून बघितलं.

"त्यो राहिलाच," तो म्हणाला, आणि पायताण काढून पुन्हा आत गेला.